चमचा काय भावाचा?

काटे-चमच्यांचा एक जुना संच मिळवा. मोहाडी तालुक्यातल्या करडीत काय, भंडारा जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, मिळायला अडचण येऊ नये. लग्नात आहेर म्हणून आलेला असतो. डब्यात लाल मखमल, सहा चमचे, सहा काटे, सहा सुऱ्या, दांड्यांवर वेलबुट्टी नाहीतर मोराची पिसं. हा सगळा धानाचा पट्टा, भात हातानं कालवून खायचा यावर इथे दुमत नाही. त्यामुळे संच शोकेसमध्ये चढतो आणि पाहुण्यांना काचेतून दिसत राहतो. पुढे कधीतरी घराच्या वाटण्या होतात किंवा जुनं घर पाडून नवं बांधायला घेतात, तेव्हा तो खाली उतरतो. मग प्रश्न पडतो, याचे किती येतील?

पितळेच्या गुंडाचं उत्तर सोपं होतं. भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं गाव. दुकानात गुंड नेला, तराजूवर ठेवला, मोडीचा भाव लावला, घट कापली, झालं. पितळ ओळखायला डोळे पुरतात. स्टीलचं तसं नाही. दोन चमचे सारखेच चकचकीत, सारख्याच वजनाचे, सारख्याच नक्षीचे असतात, आणि तरी एकाची मोड दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त निघू शकते! भिंग लावून बघितलं तरी हा फरक दिसत नाही.

म्हणून भंगारवाला बघत बसतच नाही. तो खिशातून चुंबक काढतो.

इथे जरा थांबू. चमच्यात जवळजवळ तीन चतुर्थांश लोखंड असतं. लोखंडाला चुंबक चिकटतं हे शाळेतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. मग पुष्कळशा चमच्यांना ते चिकटत का नाही? एवढं लोखंड गेलं कुठे?

गेलं कुठेच नाही, फक्त आतल्या अणूंची बसायची पद्धत बदलली. एक घन डोळ्यांसमोर आणा. साध्या लोखंडात त्याच्या आठ कोपऱ्यांवर आठ अणू बसतात आणि एक बरोबर मधोमध. अशा घनांवर घन रचत गेलं की खिळा होतो, आणि त्याला चुंबक चिकटतं. आता हेच लोखंड भट्टीत तापवत न्या. ९१२ अंश सेल्सिअसला एक नवल घडतं. वितळायला अजून सहाशेहून जास्त अंश बाकी असतात, लोखंड घट्टच असतं, आणि तरी आतले सगळे अणू जागा बदलतात. मधला अणू मध्ये राहत नाही, घनाच्या सहाही बाजूंच्या मध्यावर एकेक अणू येऊन बसतो. ही रचना कशीबशी थंडीत टिकवता आली, तर तिला चुंबक ओढत नाही. पण नुसतं लोखंड ती टिकवत नाही. गार होता होता अणू आपापल्या जुन्या जागी परततात.

आणि इथे निकेल येतं. लोखंडात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल मिसळलं, की गार होताना अणूंना मागे फिरणं जमत नाही. ते भट्टीतल्याच रचनेत अडकून राहतात. म्हणजे थंडीतल्या सकाळी हाताला बोचणारा तो गार चमचा आतून अजूनही रसरशीत तापलेल्या लोखंडासारखा बसलेला आहे! दांड्याच्या मागे १८/८ असा आकडा दिसला तर तो हेच सांगतो. १८/१० म्हणजे निकेल जरा जास्त, आणि १८/० म्हणजे निकेल जवळपास नाहीच.

पन्नास ग्रॅमच्या १८/८ चमच्यात नऊ ग्रॅम क्रोमियम आणि चार ग्रॅम निकेल असतं. मोडीचा भाव मुख्यतः या चार ग्रॅमांवर ठरतो. भारताला निकेल बाहेरून आणावं लागतं, आणि त्याच्या दराची नाडी लंडनच्या धातुबाजारात आहे. ८ मार्च २०२२ रोजी तिथे निकेल एका टनाला एक लाख डॉलरच्या वर उसळलं आणि बाजाराला व्यवहार थांबवावे लागले. त्या सकाळी करडीच्या शोकेसमधला चमचाही, कुणाला न सांगता, काही तास भलताच श्रीमंत झाला होता.

तर चुंबक टचकन चिकटलं की समजायचं, निकेल नाही. पण टचकन म्हणजे किती? यासाठी नमुना हवा असेल तर खिशातला रुपया काढा. १९८८ पासून आपल्याकडे दहा, पंचवीस आणि पन्नास पैशांची नाणी बिननिकेलच्या स्टेनलेस स्टीलची पडू लागली, १९९२ पासून रुपयाही. लोखंड आणि सतरा-अठरा टक्के क्रोमियम, बस. सरकारनं छापून दिलेला इतका खात्रीचा नमुना दुसरा कुठे मिळेल? आधी रुपयाला चुंबक लावा, ओढ बोटांना कळू द्या, मग चमच्याला लावा. सारखीच ओढ लागली तर चमचा रुपयाच्याच जातीचा. तो वाईट नसतो, गंजतही नाही चटकन. मोडीत मात्र त्याला भाव कमी.

आता उलट बाजू. चुंबक चिकटलं नाही, म्हणजे निकेल आहे, बरोबर?

चूक. आणि ही चूक बाजारात सर्रास चालते. ‘चुंबक लावून बघा ना ताई, असली स्टील’ असं सांगून विकलेली किती भांडी घराघरांत असतील! अणूंना त्या भट्टीतल्या रचनेत अडकवून ठेवणारं निकेल एकटं नाही. मॅंगनीजही तेच काम करतं.

शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डनं १८८२ मध्ये लोखंडात बारा-तेरा टक्के मॅंगनीज घालून बघितलं, तेव्हा एक विचित्र पोलाद तयार झालं. ठोकाल तितकं कडक होणारं, आणि चुंबकाला दाद न देणारं. पुढे दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियाच्या युद्धात निकेलची चणचण भासली, तेव्हा स्टेनलेस स्टीलमधलं बरंचसं निकेल काढून त्या जागी मॅंगनीज भरायची युक्ती जोरात आली. भारतीय स्वयंपाकघरानं ती जितकी उचलली तितकी क्वचितच कुणी उचलली असेल. आपल्याकडे भांड्यांच्या बाजारात ‘जे-फोर’ म्हणून जी जात चालते तिच्यात निकेल असतं जेमतेम एक टक्का, आणि मॅंगनीज नऊ टक्क्यांच्या आसपास. भारतीय मानक संस्थेनं भांड्यांसाठीच्या अशा कमी निकेलच्या स्टीलला वेगळं मानकही दिलंय.

मॅंगनीज एकटं पुरत नाही. सोबत नायट्रोजन लागतो, तोच आपण श्वासासोबत घेतो आणि तसाच सोडतो तो. वितळलेल्या स्टीलमध्ये तो साखरेसारखा विरघळवतात. प्रमाण किती? ०.१ ते ०.२ टक्के. ऐकायला काहीच नाही. पण पन्नास ग्रॅमच्या चमच्यातला तेवढा नायट्रोजन पुन्हा वायू करून बाहेर काढला, तर चहाचा एक छोटा कप भरेल. कपभर हवा चमच्यात कोंडलेली, आणि तो चमचा त्याच कपात साखर ढवळतोय!

मॅंगनीज कुठून येतं? भंडारेकरांना हे सांगायला नको. करडीच्या उत्तरेला तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गची उघडी, चिखल्याची जमिनीखाली. या खाणी चालवणाऱ्या कंपनीचं मूळ १८९६ च्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत जातं, १९६२ मध्ये तिची मॅंगनीज ओर (इंडिया) झाली, आज तिला मॉइल म्हणतात आणि तिचं मुख्यालय नागपूरला आहे. बालाघाट, भंडारा, नागपूर या पट्ट्यातलं हे मॅंगनीज कोट्यवधी वर्षांपूर्वी एका समुद्राच्या तळाशी साचलं, मग जमिनीच्या पोटात दाबून-तापून निघालं. त्यासोबत सापडणाऱ्या एका खडकाला भूशास्त्रज्ञ लुईस फर्मोर यांनी इथल्या गोंडांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं, आणि ते आजही जगभरच्या पुस्तकांत आहे. लग्नात आलेल्या त्या चमच्यातलं नऊ टक्के याच मातीतलं आहे, असं छातीठोकपणे नाही म्हणता येणार. पण अशक्यही नाही.

मग चुंबकाला फसवणारं हे मॅंगनीज पकडायचं कसं? त्यासाठी धातूच्या व्यापाऱ्यांकडे एक छोटी बाटली असते. चमच्यावर द्रवाचा एक थेंब टाकायचा, नऊ व्होल्टच्या बॅटरीनं त्यातून क्षणभर वीज सोडायची, आणि थेंबाकडे बघत राहायचं. मॅंगनीज भरपूर असेल तर थेंब काही सेकंदांत लालसर होतो. निकेलचं चांगलं स्टील असेल तर तसा लाल होत नाही. आता त्या बॅटरीकडे बघा. साधी कोरडी बॅटरी चालते ती मॅंगनीज डायऑक्साइडवर, आणि डोंगरी बुजुर्गचं मॅंगनीज डायऑक्साइड बॅटरीवाल्यांकडे जातं, तिथे त्यासाठी खास कारखानाही आहे. चमच्यातलं मॅंगनीज पकडायला मॅंगनीजच लावलेलं. चोर पकडायला त्याचाच भाऊ!

चुंबकाची आणखी एक लबाडी सांगतो, कारण तिच्यामुळे चांगले संच नाकारले जातात. १८/८ च्या काट्याचा दांडा घ्या, चुंबक सरकून खाली पडेल. तेच काट्याच्या दातांना लावा, किंवा खोल वाटीच्या काठाला. किंचित ओढ लागते. भेसळ? छे. ते दात थंड स्टील प्रेसमध्ये जोरात दाबून, वाकवून, कापून काढलेले असतात. भट्टीच्या रचनेत अडकवलेल्या अणूंना एवढा धक्का बसला की त्यातले काही सुटतात आणि आपल्या जुन्या, चुंबकाला ओळखणाऱ्या रचनेच्या जवळपास पोचतात. हजारेक अंशांवर पुन्हा तापवून झटकन गार केलं की ते परत अडकतात आणि ओढ नाहीशी होते. म्हणजे चुंबकाची ही हलकी ओढ भेसळीची खूण नाहीच, काट्याला प्रेसमध्ये कुठे किती मार बसला त्याची नोंद आहे ती.

सुऱ्यांचा तर प्रकारच वेगळा. त्यांचं पातं जवळपास नेहमीच चुंबकाला चिकटतं, आणि चिकटायलाच हवं. धार टिकवायची तर स्टीलमध्ये कार्बन हवा आणि ते पाणी पाजून कडक करता यायला हवं, १८/८ तसं होत नाही. एकाच डब्यात, एकाच वेलबुट्टीखाली दोन वेगळे धातू नांदत असतात. खरं तर घरातल्या स्टेनलेसची गोष्ट सुरूच या पात्यापासून होते. शेफील्डचा हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम घालून बघत होता. ऑगस्ट १९१३ मध्ये त्यानं ओतलेल्या पोलादात क्रोमियम होतं १२.८ टक्के. तपासणीसाठी आम्ल लावलं, तर त्याला ओरखडाही येईना. दुसरा कुणी असता तर वैतागून फेकलं असतं. हा शेफील्डचा, सुऱ्याकात्र्यांच्या शहरातला, त्याच्या डोक्यात आली जेवणाची सुरी! पहिल्या सुऱ्या इतक्या बोथट निघाल्या की लोक त्याला ‘न कापणाऱ्या सुरीचा जनक’ म्हणून चिडवत. त्याच सुमारास जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात क्रोमियम-निकेलचं स्टील तयार झालं होतं. आपला १८/८ चमचा त्या घराण्यातला.

पण क्रोमियम नेमकं करतं काय? ते हवेतला ऑक्सिजन धरून पृष्ठभागावर स्वतःचा एक पापुद्रा तयार करतं. जाडी दोन-तीन नॅनोमीटर. केसाच्या जाडीत असे तीस-चाळीस हजार पापुद्रे मावतील. एवढ्याशा पडद्याआड सगळं लोखंड पावसापाण्यापासून लपलेलं! घासणीनं तो ओरबाडला जात नाही? रोज जातो. दुधावरची साय काढली की पुन्हा धरते तसा तो हवेत क्षणात पुन्हा धरतो. वीस वर्षं घासलेल्या चमच्याचा पापुद्रा कालचाच असू शकतो.

म्हणूनच जुन्या स्टीलची पारख करताना मी ओरखड्यांकडे बघतच नाही. ओरखडे बफावर नेले की जातात. बघायचे ते काळे ठिपके, टाचणीच्या टोकाएवढे. त्यांचा गुन्हेगार मीठ. मिठातलं क्लोराइड पापुद्र्याला नेमक्या एखाद्या बिंदूवर भोक पाडतं, बहुधा जिथे स्टीलमध्ये मॅंगनीज आणि गंधकाचा अदृश्य कण असतो तिथे, आणि मग आत खोल बीळ करत जातं. वर ठिपका, खाली विहीर. ती बफानं बुजत नाही. असा चमचा दिसला की त्याच्या आयुष्यात लोणच्याची बरणी आली होती हे ओळखावं. कमी क्रोमियमचं, मॅंगनीजवालं स्टील या परीक्षेत आधी नापास होतं.

आता नक्षी, म्हणजे भंगारवाल्याच्या तराजूला न दिसणारी गोष्ट. वेलबुट्टी कोरलेली नसते. कडक पोलादाच्या ठशात ती उलटी कोरतात आणि थंड पट्टी त्यावर प्रचंड दाबाखाली दाबतात. त्या क्षणी घट्ट स्टील पिठासारखं सरकून ठशाच्या रेघांत शिरतं. ठसा नवा असताना निघालेल्या चमच्यावर मोराच्या पिसाची रेघन् रेघ उभी राहते, ठसा झिजत गेला की पिसं गोल, बुळबुळीत होतात. चांदीच्या चमच्यावरची नक्षी वापरानं झिजते, स्टीलवरची जवळपास नाही. तेव्हा नक्षी पुसट असेल तर दोष बहुतेक थकलेल्या ठशाचा, घरातल्या माणसांचा नव्हे.

चांगल्या कामाची दुसरी खूण जाडीत आहे. चमचा बाजूनं धरून बघा. दांडा जिथे वाटीला मिळतो ती मान जाड, आणि वाटीची कड पातळ असेल, तर पट्टी आधी लाटून जागोजाग वेगळ्या जाडीची केली होती. हे खर्चाचं काम. सगळीकडे सारखीच जाडी म्हणजे पत्र्यातून कापलेला माल, श्रीखंडात मान टाकणारा. काट्याच्या दातांच्या मधल्या खाचेत नख फिरवा. तिथे पॉलिश पोचलंय का? दुकानात तिथे कुणी बघत नाही, आणि म्हणूनच कारखान्याची नियत तिथेच कळते.

सोनेरी दांडे दिसले तर हुरळू नका. जुना असेल तर सोन्याचा विजेनं चढवलेला अतिपातळ मुलामा असेल, बोटं लागतात तिथे उडालेला. अलीकडचा असेल तर बहुधा त्यात सोन्याचा कणही नाही. निर्वात पेटीत टायटॅनियमची वाफ करून त्यात नायट्रोजन सोडतात, आणि त्या दोघांचं सोन्याच्या रंगाचं, स्टीलहून कितीतरी कडक कवच चमच्यावर बसतं. पुन्हा तोच, हवेतला नायट्रोजन!

उलट कधीतरी डब्यात एखादा काळवंडलेला, पिवळट झाक मारणारा, जरा जड चमचा निघतो आणि घरचे त्याला आधी बाजूला टाकतात. थांबा. त्याच्या मागे ‘ई.पी.एन.एस.’ अशी इंग्रजी अक्षरं असतील तर ते स्टील नाहीच. आत तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू, वर चांदीचं पाणी. मोडीतसुद्धा तो स्टीलच्या पुढे जातो. आणि अक्षरं ‘बी.एन.आर.’ निघाली तर मोड विसराच. बंगाल नागपूर रेल्वे, १८८७ साली स्थापन झालेली, १९४४ मध्ये सरकारनं ताब्यात घेतलेली, तुमसर रोड आणि भंडारा रोडवरून जाणारी. अशा चमच्याला किलोचा भाव लावत नाहीत, रेल्वेचे शौकीन नगाचा देतात.

आपल्या स्टीलच्या भांड्यांवरही अक्षरं असतात, ठिपक्याठिपक्यांनी घातलेली: अमक्यांकडून सप्रेम भेट, खाली तारीख. युरोपातल्या चांदीचं साल शोधायला जाणकार ठशांची कोष्टकं उलटतात. आपल्याकडे थाळीनं तिथी-मितीसकट सगळं स्वतःच सांगितलेलं. मोड घेणारा या अक्षरांचा एक पैसा देत नाही. मी म्हणतो, नाव घातलेलं भांडं शेवटी विकावं.

मोठ्या भंगारगोदामांत आता या सगळ्या खटाटोपाची गरज उरलेली नाही. तिथे पिस्तुलासारखं यंत्र असतं. चमच्यावर टेकवून घोडा दाबला की क्ष-किरण सुटतात, प्रत्येक मूलद्रव्याचा अणू आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत फेकतो, आणि काही सेकंदांत पडद्यावर उतरतं: क्रोमियम इतकं, निकेल इतकं, मॅंगनीज इतकं. प्रत्येक मूलद्रव्याची ही सही कशी ठरते हे हेन्री मोझली या पोरसवदा इंग्रज शास्त्रज्ञानं दाखवून दिलं. कधी? १९१३ मध्ये. ब्रिअर्लीनं शेफील्डमध्ये न गंजणारं पोलाद ओतलं तेच वर्ष! दोन वर्षांनी मोझली गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, वय २७.

पण करडीत ते पिस्तूल लगेच मिळणार नाही, आणि संचासाठी त्याची गरजही नाही. सुऱ्या वेगळ्या काढा, त्यांना चुंबक लावायचंच नाही. चमच्यांचे आणि काट्यांचे दांडे एकेक तपासा, दात सोडून द्या. रुपयाएवढी ओढ लागली तर जास्त आशा धरू नका. ओढ नसेल तर भंडाऱ्याला किंवा तुमसरला थेंबवाल्या माणसाकडे जा. थेंब लाल झाला नाही, ठिपके नाहीत, पिसं उभी आहेत आणि अठराच्या अठरा नग डब्यात आहेत, तर किलोवर मुळीच देऊ नका, पूर्ण संच म्हणून विका. सतराच भरले, तर भाव ठरवण्याआधी घरातल्या लोणच्याच्या बरण्या उघडून बघा.